कांद्याला थंडी दाखवणारी माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कापलेत. सगळे नाही कापले, नाहीतर ते माझं वाटणार नाही.

आजची गोष्ट एका कांद्याची आहे, पण खायच्या कांद्याची नाही. हायसिंथ नावाच्या फुलाचा कंद असतो, दिसायला हुबेहूब आपल्या लाल कांद्यासारखा. तो काचेच्या ग्लासवर ठेवायचा, खाली पाणी, माती अजिबात नाही, आणि भर हिवाळ्यात घराच्या खिडकीत त्याला फुलं आणायची. युरोपात लोक हे जवळजवळ तीनशे वर्षं करतायत. ह्या छंदाच्या मागे एक इंजिनिअर आहे, एक बाजार कोसळल्याची गोष्ट आहे, आणि माझ्या घरातलं एक भांडणसुद्धा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'हायसिंथ' म्हटल्यावर काही जणांच्या डोळ्यांसमोर मुळा-मुठेवरची किंवा पंचगंगेवरची जलपर्णी आली असेल. तिला इंग्रजीत वॉटर हायसिंथ म्हणतात खरं, पण दोघींचं नातं फक्त नावापुरतं. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. आपला हायसिंथ तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन ह्या पट्ट्यातला, डोंगरउतारावर उगवणारा. तुर्की आणि फारसीत त्याला सुंबुल म्हणतात, आणि तिकडचे कवी प्रेयसीच्या कुरळ्या केसांना त्याची उपमा देतात.

आता मी ह्यात कुठून आलो? मी निफाड तालुक्यातला. आमच्याकडे तीन एकर जमीन आहे आणि तिच्यात वर्षानुवर्षं कांदाच. बीटेक केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, आणि मागच्याच्या मागच्या वर्षी कंपनीने नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला पाठवलं. ऑक्टोबरपर्यंत सगळं मस्त होतं. मग डिसेंबर आला. सकाळी पावणेनऊला सूर्य उगवतो आणि साडेचारला मावळतो. मधल्या वेळात तो दिसेलच ह्याची गॅरंटी नाही. अंधारात ऑफिसला जायचं, अंधारात परत यायचं. मला काय होतंय ते मलाच कळत नव्हतं. फक्त रविवारी दुपारी दोनपर्यंत पलंगावरून उठावंसं वाटायचं नाही.

एका शनिवारी बाजारात एका दुकानात काचेचा ग्लास दिसला. खाली फुगीर, वर कपासारखं तोंड, मध्ये निमुळती मान. शेजारी टोपलीत जांभळट कांदे. दुकानदार आजी म्हणाल्या, "ह्याला हिवाळ्यात फूल येतं." एवढं पुरे होतं. घेतला. घरी आल्याबरोबर पाणी भरलं, कांदा ठेवला, आणि आपल्याला उन्हाची सवय म्हणून त्यालाही ऊब बरी वाटेल असा विचार करून हीटरच्या वरच्या खिडकीत मांडला.

त्याचं काय झालं ते नंतर सांगतो. आधी तो ग्लास आला कुठून ते बघू.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उस्मानी साम्राज्यातून ट्युलिपबरोबर हायसिंथही युरोपात पोचला. कॅरोलस क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडन विद्यापीठाच्या बागेची जबाबदारी घ्यायला आला. डच लोकांच्या कंदवेडाची सुरुवात साधारण तिथून धरतात. आधी ट्युलिपची हवा झाली. तो किस्सा तुम्ही ऐकला असेल: १६३६-३७ च्या हिवाळ्यात एकेका कांद्याचे भाव आभाळाला भिडले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये धाडकन खाली आले.

पण फार लोकांना माहीत नसतं की बरोबर शंभर वर्षांनी हीच गोष्ट हायसिंथच्या बाबतीत पुन्हा झाली.

हार्लेम शहराच्या बाजूला समुद्रकिनाऱ्याच्या टेकड्यांमागे वाळूची जमीन आहे. पाणी मुरतं, कंद सडत नाही. तिथे फोरहेल्म नावाचं एक घराणं हायसिंथ पिकवायचं. साधा हायसिंथ म्हणजे सहा पाकळ्यांची छोटी छोटी फुलं. कधी कधी बियांपासून भरगच्च, दुहेरी पाकळ्यांचं झाड यायचं. पीटर फोरहेल्म ती झाडं उपटून टाकायचा, कारण त्यांना बी धरत नसे. गोष्ट अशी सांगतात की एका वर्षी तो आजारी पडला, बागेत उशिरा गेला, आणि तोवर एक दुहेरी फूल उमललेलं होतं. गिऱ्हाइकाला ते आवडलं, चांगले पैसे मिळाले, आणि त्या दिवसापासून उपटणं बंद. पुढे ह्या दुहेरी जातींपैकी 'किंग ऑफ ग्रेट ब्रिटन' नावाच्या एका जातीचा एक कांदा हजार गिल्डरच्या वर गेला. हे नाव इंग्लंडचा राजा झालेल्या डच विल्यमवरून दिलेलं.

१७३० च्या दशकात भाव चढत गेले. काही लोकांना जुनं आठवत होतं. ट्युलिपच्या घसरणीनंतर दोन माणसांच्या संवादाची एक उपहासाची पुस्तिका निघाली होती. त्यातल्या एकाचं नाव साधारण 'खरंबोले' आणि दुसऱ्याचं 'हावरे' असं. १७३४ मध्ये ती पुन्हा छापली गेली. उद्देश उघड होता: बाबांनो, एकदा हात पोळलेत, पुन्हा नको. ऐकलं कुणी? अर्थातच नाही. १७३६-३७ मध्ये भाव शिखरावर गेले आणि मग उतरले. दोन-तीन वर्षांत शेकडो गिल्डरचे कांदे दहा-वीस गिल्डरवर आले. काही त्याच्याही खाली.

हा भाग मी बाबांना फोनवर सांगितला तेव्हा काय झालं, तेही पुढे येतंय. लक्षात ठेवा.

आता आपला इंजिनिअर. मार्टिन ट्रीवाल्ड, जन्म १६९१, स्टॉकहोम. तरुणपणी इंग्लंडला गेला आणि न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनांवर काम करत अनेक वर्षं राहिला. न्यूकोमेनचं इंजिन म्हणजे जेम्स वॉटच्याही आधीचं, खाणीतलं पाणी उपसणारं अवाढव्य धूड. परत गेल्यावर स्वीडनमध्ये डानेमोराच्या लोखंडाच्या खाणीवर त्याने तसं इंजिन उभं केलं. साल १७२८. नव्या टेक्नॉलॉजीचं जे होतं तेच झालं. मशीन नीट चालेना, वारंवार बंद पडायचं, मालक वैतागले, प्रकरण वादावादीत गेलं, आणि शेवटी ते इंजिन सोडून देण्यात आलं. प्रॉडक्शनमध्ये ज्याचा कोड पडलाय त्या प्रत्येकाला ट्रीवाल्ड आपला वाटायला हरकत नाही.

तर हा माणूस हिवाळ्यात घरी एक वेगळाच प्रयोग करत होता. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. त्याने कंद पाण्याने भरलेल्या भांड्यांवर ठेवून बघितले, मातीशिवाय. हायसिंथ फुलला. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं आणि ते १७३१ च्या सुमारास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. चेल्सीच्या औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर ह्यानेही तोच प्रयोग करून पाहिला आणि बाटलीतल्या पाण्यावर फुलणाऱ्या कंदांवर लिहिलं. १७३९ मध्ये स्वीडनची विज्ञान अकादमी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत लिनियसच्या बरोबरीने ट्रीवाल्डचंही नाव होतं.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. दिवसा जो माणूस टनावारी लोखंड, आग आणि वाफ घेऊन पाणी वर खेचायच्या खटपटीत होता, त्याच्या खिडकीत एक कांदा आपल्या मुळांनी पाणी वर खेचत होता, गुपचूप, कोळशाचा एक खडाही न जाळता.

पुढे ह्याची फॅशन झाली. जॉर्ज फोरहेल्मने १७५२ मध्ये हायसिंथवर फ्रेंचमध्ये पुस्तक काढलं. १७६८ मध्ये मार्की द सँ-सिमोनने आणखी एक जाडजूड पुस्तक लिहिलं. फ्रान्सच्या राजाची लाडकी मादाम द पाँपादूर ह्या फुलाची शौकीन होती. खास ह्या कामासाठी काचेचे ग्लास बनायला लागले. पण ते बरीच वर्षं पैसेवाल्यांचेच राहिले, कारण ब्रिटनमध्ये काचेवर जबर कर होता. १८४५ मध्ये तो कर रद्द झाला, काच स्वस्त झाली, आणि बर्मिंगहॅमच्या टाय नावाच्या कारखानदाराने बसका, रुंद बुडाचा हायसिंथ ग्लास बाजारात आणला. आता कारकुनाच्या भाड्याच्या खोलीतही फूल फुलू लागलं. ज्या शहरांत धुराने सूर्य दिसत नव्हता, अंगण नव्हतं, माती नव्हती, तिथे ग्लासभर पाणी पुरत होतं.

ह्या सगळ्या काळात कोंबावर घालायला कागदाची निमुळती टोपी वापरायचे, वाढदिवसाची असते तशी. कोंबाला लवकर उजेड दिसू नये म्हणून. नेदरलँड्समध्ये अजून मिळतात ह्या टोप्या.

आता माझ्या कांद्याकडे येऊ.

दोन आठवड्यांत पानं आली. मी खूश. मग पानांच्या बेचक्यात एक हिरवट-जांभळा गोळा दिसला, आणि तो तिथेच अडकला. देठ वर येईचना. खालच्या दोन-चार कळ्या तिथल्या तिथे उमलल्या, बाकीच्या तपकिरी पडल्या. आठवडाभराने वास मारायला लागला. कसला वास म्हणाल तर सडक्या कांद्याचाच, जो मी लहानपणापासून ओळखतो.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. आई म्हणाली, "अरे, तिकडं जाऊनपण कांदाच लावतोयस?" मग बाबांनी फोन घेतला. त्यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "ह्याला थंडी किती दिवस दाखवली?"

मी म्हटलं, "थंडी कशाला? मी तर हीटरवर ठेवलाय."

बाबा हसले. "थंडीशिवाय डेंगळा वर येतो का कुठं?"

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी: डेंगळा म्हणजे कांद्याला येणारा फुलाचा दांडा. कांदा हे दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी कांदा भरतो, मधे थंडी खातो, आणि मग फुलतो. बियाण्यासाठी कांदा लावला असेल तर डेंगळा हवाच. पण विकायच्या पिकात थंडी लांबली आणि डेंगळे आले, की कांदा आतून दांड्याचा होतो, टिकत नाही, भाव मिळत नाही. म्हणजे निफाडचा शेतकरी आयुष्यभर जो दांडा येऊ नये म्हणून धास्तावलेला असतो, नेमका तोच वर यावा म्हणून हॉलंडचा शेतकरी धडपडत होता. आणि युरोपातली तीन पुस्तकं चाळून मला जे कळलं नसतं ते बाबांनी स्क्रीनवर बघून सांगितलं.

त्यानंतर मी नीट वाचलं. बाबांचं बरोबर होतं, फक्त हायसिंथमध्ये एक फरक आहे. कांद्यात फूल धरायचं की नाही हेच थंडी ठरवते. हायसिंथमध्ये फुलाची कळी उन्हाळ्यातच, कंद जमिनीतून काढून कोरड्या जागी ठेवलेला असताना, आतल्या आत तयार होते. विकत घेता तेव्हा पूर्ण गुच्छ सूक्ष्म रूपात आत असतोच. थंडी लागते ती दांडा लांब व्हायला. थंडी न देता ऊब दिली तर कळी पानांत अडकते. अगदी माझ्यासारखी.

हे विज्ञान उलगडलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. लिसे गावचा निकोलास डामेस नावाचा शेतकरी १९१० च्या सुमारास ह्या निष्कर्षाला आला की कंद लवकर काढून त्याला काही आठवडे मुद्दाम उष्णता दिली, तर आतली कळी लवकर तयार होते आणि फूल नाताळापर्यंत आणता येतं. मग वाखेनिंगेनमध्ये ए. एच. ब्लाऊ ह्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात वर्षभर ठरावीक दिवसांनी कंद कापून, आत नेमकं काय घडतंय ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कळी घडायला साधारण २५ अंश सेल्सिअस लागतं, नंतर मुळं आणि दांड्यासाठी साधारण ९ अंश. कॅलेंडर कंदाला कळत नाही, त्याला तापमान कळतं. ते आपण बदललं की त्याच्या लेखी ऋतू बदलला. आज दुकानात 'प्रिपेअर्ड' म्हणून जे हायसिंथ मिळतात ते हेच, आधीच उन्हाळा देऊन तयार केलेले.

ह्या कांद्यांच्या इतिहासात एक काळा हिवाळाही आहे. १९४४-४५. दुसरं महायुद्ध, नेदरलँड्सचा पश्चिम भाग जर्मनांच्या ताब्यात, अन्नधान्याची वाट बंद. सुमारे वीस हजार माणसं त्या हिवाळ्यात मेली. लोकांनी बीट खाल्ले, आणि ट्युलिपचे कांदे खाल्ले, आतला पिवळा कोंब काढून, उकडून. हायसिंथ मात्र विषारी. चिमूटभर ऊब नसलेल्या घरात फुलांचे कांदे शिजवणाऱ्या बायकांना कुठला कोणता हे ओळखावं लागत होतं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की फुलं म्हणजे श्रीमंतांची चैन, तर मला हे आठवतं.

आता भांडण. गेली तीन वर्षं मी बाबांच्या मागे लागलो होतो की कांदा बंद करा. जमीन खंडाने द्या. मी पैसे पाठवतोय ना? लागवडीचा खर्च वाढतोय, भाव कधी मिळतो कधी नाही. एका वर्षी तर ट्रॅक्टर लिलावाला नेला आणि वाहतुकीचा खर्चही निघाला नाही, तेव्हा मी फोनवर ओरडलो होतो. मी एक्सेलमध्ये हिशोब करून पाठवला होता. बाबांनी तो उघडला नाही. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" आणि "पाऊस आहे का?" एवढ्यावर आलं होतं.

हायसिंथमुळे आम्ही पुन्हा बोलायला लागलो. मी जे वाचायचो ते रविवारी त्यांना सांगायचो. १७३७ च्या घसरणीचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "भाव पडल्यावर त्या लोकांनी काय केलं रे?"

मी म्हटलं, "लावत राहिले. हार्लेमपासून खाली लिसेपर्यंत आजही लावतात. मी इथून ट्रेनने गेलो होतो एप्रिलमध्ये, निळे-गुलाबी पट्टे दिसतात रुळांच्या बाजूला."

"मग बरोबर," बाबा म्हणाले. एवढंच.

मला वाद घालता आला असता. त्यांच्यामागे शतकभरानंतर संशोधन केंद्रं आली, शीतगृहं आली, जगभराची बाजारपेठ आली. तुमच्यामागे काय आहे? पण मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी त्यांना पीक बदलायला सांगत नव्हतो. मी त्यांना त्यांचं ज्ञान टाकून द्यायला सांगत होतो. ज्या माणसाने मोबाईलच्या स्क्रीनवर परक्या देशातला अनोळखी कांदा बघून त्याचा रोग सांगितला, त्याला मी एक्सेल पाठवत होतो.

त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या शेवटी मी तीन कांदे आणले. ह्या वेळी इमारतीच्या तळघरात, सायकली ठेवतात त्या थंड अंधाऱ्या खोलीत, ग्लासवर ठेवले. दर रविवारी खाली जाऊन पाणी बघायचं आणि बाबांना रिपोर्ट द्यायचा. "मुळं किती?" "बोटभर." "अजून थांब." मला डिसेंबरच्या सुरुवातीलाच वर आणायचे होते. बाबा म्हणाले, "कोंब दोन बोटं होऊ दे." थांबलो. अकरा आठवड्यांनी वर आणले, कागदाची टोपी घातली, आठवड्याने काढली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निळा फुलला. पूर्ण दांडा, वीतभर. घरभर वास. त्या सकाळीही बाहेर अंधारच होता, पण मी आपसूक उठून बसलो होतो.

बाबांनी ह्या वर्षीही कांदा लावलाय. एक एकर कमी केलाय, तिथे काय लावायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवतोय. भांडण मिटलं असं नाही म्हणणार. आता हिशोब ते सांगतात आणि मी लिहून घेतो, एवढा फरक पडलाय.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे हायसिंथचे कंद ऑनलाइन मिळतात. श्रीनगरच्या ट्युलिप बागेत वसंतात ते जमिनीतच फुलतात, कारण तिथे थंडी फुकट मिळते. पुण्या-मुंबईत मात्र ती फ्रिजमधून द्यावी लागेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा ते बारा आठवडे ठेवा. सफरचंद आणि केळ्यांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'खायचा नाही' असं लिहा, नाहीतर कुणीतरी फोडणीला घालेल. हाताळताना काहींच्या हाताला खाज येते, तेव्हा हातमोजे घाला. मग ग्लासवर ठेवा. पाणी बुडाच्या किंचित खाली असू द्या, कंदाला टेकलं तर सडतो. कोंब दोन बोटं होईपर्यंत घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, मग हळूहळू उजेडात आणा. खास तोंडाचा ग्लास नसेल तर निमुळत्या तोंडाची कुठलीही बरणी चालेल. आपल्या हवेत फूल लवकर कोमेजतं, हे धरूनच चला. आणि पाण्यावर फुलवलेला कंद दमून जातो, पुढच्या वर्षी त्याच्याकडून फार आशा ठेवू नका.

आणि घरात कुणी कांदा पिकवणारं असेल, तर आधी त्यांना विचारा. मी विचारलं असतं, तर पहिला कांदा वाचला असता.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.